हिवाळ्यात कोरड्या डोंगरात दिवसभराची पायपीट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी झाली की आमच्या फोनवर हेच प्रश्न सुरू होतात, दरवर्षी, फक्त विचारणारे बदलतात. आमचं गाव अमरावती जिल्ह्यातल्या अचलपूर-अंजनगाव पट्ट्यातलं, छतावर उभं राहिलं की सातपुड्याची गाविलगड रांग समोर दिसते, त्यामुळे लोकांना वाटतं याला सगळं माहीत असेल. जेवढं चालून-चालून कळलं तेवढं इथे लिहून ठेवतो. आधी सगळं वाचा, मग फोन करा, नक्की बोलू.

१. हिवाळ्यातच का जायचं? पावसाळ्यात तर डोंगर जास्त छान दिसतात ना?

दिसतात छान, पण दिवसभर चालायला नाही. पावसाळ्यात काळा दगड शेवाळलेला असतो, नाले कधी फुगतील सांगता येत नाही आणि धुक्यात दहा फुटांवरचा माणूस दिसत नाही. उन्हाळा तर विदर्भातला, पंचेचाळीस डिग्रीत डोंगर चढायचा विचारही करू नका. आमच्या मते डिसेंबरचा दुसरा पंधरवडा ते जानेवारी अखेर हाच खरा काळ. फेब्रुवारी लागला की सागाची पानं गळतात, सावली जाते, आणि ती ताटाएवढी वाळलेली पानं उतारावर पायाखाली अशी सरकतात की चढण्यापेक्षा उतरायलाच जास्त वेळ लागतो.

२. आपले डोंगर काही वाळवंट नाहीत, मग पाण्याची एवढी भीती कशाला?

वाळवंट नाही हे खरं, पण जानेवारीतल्या दुपारी सातपुड्याच्या दक्षिण कड्यावर चालून बघा. सगळा बेसॉल्टचा दगड आणि वर मुरमाचा पातळ थर, त्यामुळे पावसाचं पाणी थांबत नाही, धावत खाली पूर्णा नदीकडे जातं आणि डिसेंबरपर्यंत बहुतेक नाले कोरडे पडलेले असतात. हवा इतकी सुकी की ओठ दोन तासांत फुटतात. पहाटे १० डिग्रीच्या आसपास, कधी त्याच्याही खाली, आणि दुपारी २८ च्या वर, म्हणजे एकाच दिवसात अठरा-वीस डिग्रीचा फरक.

आणि यात फसवते ती थंडी. घाम येतो पण लगेच उडून जातो, शर्ट ओला होत नाही, मग वाटतं आपल्याला घाम आलाच नाही. दुपारी थांबलात की सॅक काढून पाठीवरचा शर्ट बघा, पट्ट्यांच्या कडेने मिठाच्या पांढऱ्या रेघा उमटलेल्या दिसतील, रांगोळीसारख्या. तेवढं पाणी आणि मीठ अंगातून गेलेलं असतं आणि तहान मात्र लागलेली नसते. या पानावर पुढे जे काही लिहिलंय त्यातलं निम्मं या एका गोष्टीमुळे आहे.

३. मग पाणी नेमकं किती न्यायचं?

सात-आठ तासांच्या चालण्याला माणशी ४ लिटर. ३ लिटरच्या खाली आम्ही कोणाला सोबत घेत नाही, मग तो कितीही सराईत असो. वजन होतं, मान्य, लिटरला एक किलो, पण हे वजन दर तासाला कमी होत जातं.

तहान लागायची वाट न बघता दर अर्ध्या तासाला चार-पाच घोट घ्या. थंडीत लोक पाणी पित नाहीत, दुपारी एक वाजता पहिली बाटली अर्धीच झालेली असते आणि तीनला डोकं दुखायला लागतं, मग म्हणतात ऊन लागलं. लघवीचा रंग बघा, गडद पिवळी झाली की तुम्ही मागे पडलात. आणखी एक, चारही लिटर साधं पाणी नको, एका बाटलीत मीठ-साखर टाका: १ लिटरला सहा लहान चमचे साखर आणि अर्धा लहान चमचा मीठ, सपाट भरलेले, वरून लिंबू पिळा. हे प्रमाण मोजूनच, अंदाजाने मीठ जास्त टाकलं तर उलट त्रास होतो. पोटरीत गोळा यायचं प्रमाण आमच्या ग्रुपमध्ये यानेच कमी झालं.

अर्धं पाणी संपलं तिथून परत फिरायचं, शिखर कितीही जवळ दिसत असलं तरी. वेळेचा हिशोब याच्या सोबतीने लागतो, तो प्रश्न ५ मध्ये.

४. वाटेत नाल्याचं किंवा पायथ्याच्या गावात विहिरीचं पाणी भरलं तर?

नाल्यात डोह शिल्लक असले तरी ते ढोरांचे आणि जंगलातल्या जनावरांचे आहेत. अगदीच नड आली तर फडक्यातून गाळून क्लोरीनची गोळी टाका आणि पाकिटावर लिहिलेला वेळ थांबा, साधारण अर्धा तास, लगेच पिऊ नका. उकळायला चूल मांडू नका, का ते १७ मध्ये.

विहिरीचं असं आहे की डोंगराच्या अगदी पायथ्याला पाणी गोड लागतं, संत्र्याच्या बागा उगाच नाहीत तिथे. पण तुम्ही अकोला, दर्यापूरकडून येत असाल तर मधे खारपाणपट्टा लागतो, पूर्णेच्या दोन्ही बाजूंचा, तिथल्या विहिरी-बोअरचं पाणी खारट, तिथली माणसंच ते पित नाहीत. रस्त्यात कुठेही भरून घेऊ असं म्हणून रिकाम्या कॅन घेऊन निघालेले लोक आम्ही पाहिलेत. घरूनच भरा. आणि पायथ्याच्या गावातही कुणाच्या घरी पाणी मागायचं तर प्यायला मागा, वीस बाटल्या भरायला नको, त्यांच्या बायका डोक्यावरून आणतात ते.

५. सकाळी किती वाजता निघायचं आणि किती वाजता परत फिरायचं?

डिसेंबर अखेर आपल्याकडे सूर्य सातला पाच-सात मिनिटं कमी असताना उगवतो आणि पावणेसहाला मावळतो. म्हणजे हातात जेमतेम अकरा तास, आणि त्यातलाही शेवटचा तास दरीत मिळत नाही कारण घळीत ऊन चारलाच संपतं. मावळल्यावर वीस-पंचवीस मिनिटं संधिप्रकाश, मग एकदम काळोख.

आमचा नियम: पायथ्याला साडेसहाला हजर, उजाडलं की चालायला सुरुवात, आणि साडेबाराला जिथे असू तिथून परत. घड्याळ नसलं तरी हे कळतं. २२ डिसेंबरच्या आसपास आपल्या भागात भरदुपारी, म्हणजे १२ वाजून २० मिनिटांच्या सुमारास, सूर्य बरोबर पंचेचाळीस अंशावर असतो, त्यामुळे सपाट जमिनीवर तुमची सावली तुमच्याच उंचीएवढी पडते आणि सरळ उत्तरेकडे. सावली तुमच्यापेक्षा लांब व्हायला लागली की समजायचं, फिरा मागे. आमच्या इकडच्या एका गुराख्याने हे दाखवलं होतं, काठी उभी करून आणि मग तीच काठी सावलीवर आडवी ठेवून. तंतोतंत जुळली.

हा नियम का एवढा धरून बसलो ते सांगतो. सात-आठ वर्षांपूर्वी आम्ही चौघं, वरचं पठार समोर दिसत होतं, अजून अर्धा तास अजून अर्धा तास करत अडीच वाजवले. उतरताना एकाच्या दोन्ही पोटऱ्यांत गोळे आले, त्याला धरून-धरून आणावं लागलं, सहालाच अंधार, टॉर्च चौघांत एक आणि ती पण मोबाइलची. जे उतरायला दीड तास लागतो ते साडेचार तास लागले. खाली आलो तेव्हा त्याची आई गावाच्या टोकाशी कंदील घेऊन उभी होती, काही बोलली नाही, नुसतं त्याच्या तोंडावरून हात फिरवला. तेव्हापासून साडेबारा म्हणजे साडेबारा.

६. पहिल्यांदाच जातोय, कुठे जाऊ?

अजिबात सवय नसेल तर मुक्तागिरी करा, परतवाड्यावरून जवळ आहे, हद्द मध्य प्रदेशची लागते, ५२ जैन मंदिरं आणि बांधलेल्या पायऱ्या, दम किती आहे ते कळतं. त्याच्या पुढे नरनाळा, अकोट तालुक्यात, शहानूर गावाकडून. वर पोहोचलं की किल्ला संपतच नाही, जाफराबाद आणि तेलियागड धरून तीन किल्ल्यांचा तो पसारा, तलाव, नऊगजी तोफ, आणि महाकाली दरवाजा तर नीट अर्धा तास उभं राहून बघण्यासारखा आहे. दगडात कोरलेली अक्षरं सकाळच्या तिरप्या उन्हात जास्त उठून दिसतात.

गाविलगड चिखलदऱ्याकडून गेलात तर चढ नाहीच म्हणा, चिखलदरा स्वतःच ११०० मीटरच्या वर आहे. पण तटाच्या कडेकडेने पूर्ण फिरायचं म्हटलं तर तुमचा दिवस जातो आणि पाय चांगलेच बोलतात.

७. परवानगी लागते का? आम्ही गावचेच आहोत.

लागते, गावच्यांनाही. हा बराचसा भाग मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा आणि त्याला लागून असलेल्या अभयारण्यांचा आहे, आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्याने अभयारण्यात परवानगीशिवाय शिरता येत नाही. नाक्यावर नोंद करा, पैसे भरा, गाईड घ्या म्हटलं तर घ्या, तो कोरकू आदिवासी पोरगा तुमच्यापेक्षा दहापट जंगल ओळखतो आणि त्याचं घर त्यावर चालतं. कोणती वाट चालू, कोणती बंद हे मोसमागणिक बदलतं म्हणून आदल्या दिवशी विचारून घ्या. मागच्या वाटेने कोणी सोडत असेल तरी जाऊ नका, काही झालं तर शोधायला येणाऱ्यांना तुम्ही आत आहात हेच माहीत नसतं.

८. कपडे कसे घालू? सकाळी कुडकुडतो आणि दुपारी भाजतो.

एक जाड स्वेटर नको, पातळ तीन. आत सुती नसलेला टी-शर्ट, वर फुल बाह्यांचा शर्ट, त्याच्यावर विंडचीटर किंवा पातळ स्वेटर, आणि चालायला लागून दहा मिनिटं झाली की वरचं काढून टाका, घाम यायच्या आधी. सुरुवातीला थोडी थंडी वाजलीच पाहिजे. पायथ्याची दरी पहाटे वरच्या धारेपेक्षा जास्त गार असते, थंड हवा जड असते ती खाली साचून राहते, त्यामुळे खालच्या गारठ्यावरून वरचा अंदाज बांधू नका. डोक्याला टोपी आणि गळ्यात दुपट्टा, सुती. दुपट्टा ऊन, धूळ, घाम, पट्टी, झोळी सगळ्याला येतो. पँट पूर्ण लांबीची, हाफ पँट बिलकुल नाही, कारण पुढच्या-पुढच्या प्रश्नात.

९. बूट नवीन घेऊ का?

घ्या, पण महिनाभर आधी, आणि रोज शेतात घालून फिरा. महाग ब्रँड नसला तरी चालतो, तळव्याला खाचा खोल पाहिजेत कारण मुरमावर गुळगुळीत तळवा म्हणजे घसरगुंडी. आदल्या दिवशी पायाची नखं कापा, उतरताना अंगठे पुढे आपटतात आणि नख काळं पडतं. टाचेला चुरचुर सुरू झाली की तिथल्या तिथे थांबून कापडी चिकटपट्टी लावा, फोड आल्यावर लावून काही होत नाही.

१०. मोज्यात कुसळं भरतात, त्यावर उपाय काय?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि बाहेरगावच्यांना याची कल्पनाच नसते. कुसळी गवताचं बी म्हणजे छोटा भालाच, टोकाला सुई आणि मागे काळी पीळदार शेपटी. एक बी ओल्या तळहातावर ठेवून बघा, शेपटी ओल लागल्याबरोबर आपोआप गोल फिरायला लागते, जमिनीत शिरण्यासाठी निसर्गाने दिलेला ड्रिल आहे तो. मोजा घामाने ओला असला की हेच तुमच्या पायात होतं, म्हणून नुसतं झटकून निघत नाही, ते आत-आतच जातं.

लोकरीचे किंवा जाड टॉवेलसारखे मोजे घालू नका. पँटची खालची कड मोज्याच्या बाहेर, बुटावर घट्ट बांधा, सायकलच्या जुन्या ट्यूबची रिंग कापून लावली तरी मस्त काम होतं. शिरलंच तर टोकाच्या दिशेनेच पुढे ओढून काढायचं, मागे ओढलं की सुईवरचे केस अडकतात आणि टोक आतच तुटतं. छोटा चिमटा ठेवा. जानेवारी अर्धा झाला की बरीचशी कुसळं झडलेली असतात.

११. खायला काय न्यावं?

ज्वारीची भाकर, कोरडा झुणका, ठेचा थोडाच कारण तिखटाने पाणी जास्त लागतं. शेंगदाणे-गूळ खिशात, दर तासाला मूठभर. संक्रांतीच्या दिवसांत तिळाचे लाडू. आणि माणशी दोन संत्री, आंबिया बहाराचा माल तेव्हा गावागावात असतो, पाण्याची बाटली संपल्यावर एक संत्रं काय असतं ते वर बसून खाल्ल्यावरच कळतं. सालं मात्र परत आणा, वानरांना सवय लागते. भरपेट जेवण वर नको, खाली उतरल्यावर.

१२. वाट चुकली तर काय करू? सगळे डोंगर सारखेच दिसतात.

चुकता त्या ढोरवाटांमुळे. ढोरं चरत जातात, कुठेतरी पोहोचायचं म्हणून जात नाहीत, त्यामुळे त्यांची वाट चांगली मळलेली असते आणि मग झुडपात एकदम संपते. दहा मिनिटं खूण, पाऊल, काही दिसलं नाही की थांबा आणि शेवटच्या खात्रीच्या जागेपर्यंत मागे या. नाल्याने खाली उतरू असं मनात येईल, ते करू नका, आपल्याकडे नाले मधेच कड्यावरून पडतात, वरून दिसत नाही, आणि मग ना वर ना खाली. धारेवर राहा.

गुराखी भेटला तर किती लांब आहे असं विचारू नका, तो म्हणणार हे काय इथंच हाय. किती वेळ लागेल ते विचारा आणि तो म्हणेल त्याच्या दुप्पट धरा.

१३. मोबाइलला रेंज असते का?

धारेवर कुठे-कुठे येते, दरीत नाही. नकाशा घरीच डाउनलोड करून ठेवा, फोन फ्लाइट मोडवर टाका नाहीतर रेंज शोधून-शोधून दुपारपर्यंत बॅटरी बसते. घरी आणि पायथ्याच्या कुणाकडे तरी लिहून द्या: किती जण, कोणती वाट, किती वाजेपर्यंत नाही आलो तर शोधा. टॉर्च माणशी एक, वेगळी.

१४. वाघ-अस्वलाचं काय?

वाघ-बिबट तुम्हाला दिसायच्या आधी तुम्ही त्यांना दिसता आणि ते बाजूला होतात. उजाडायच्या आधी आणि दिवेलागणीनंतर चालायचं नाही, गोळामेळ्याने राहायचं, बोलत राहायचं, बस. आम्हाला खरी धास्ती अस्वलाची. याच थंडीत अस्वलीण कपारीत पिलं घालते, त्यामुळे कोणत्याही गुहेत, कपारीत डोकावायचं नाही, सावलीला बसायला सुद्धा नाही. वळणावर काठी दगडावर आपटा, चाहूल द्या. समोर आलंच तर पाठ न दाखवता हळूहळू मागे सरका.

१५. किल्ल्याच्या भिंतीवर आग्या मोहोळं आहेत म्हणतात, खरं का?

खरं आहे आणि हे अस्वलाइतकंच गंभीर घ्या. अत्तर, डिओ लावून येऊ नका, खाली धूर करू नका, दगड मारू नका, कमानीखाली ओरडू नका. उठलीच तर तोंड-डोकं दुपट्ट्याने झाका आणि पळा, झाडी असेल तिकडे, थांबून हाताने मारत बसू नका. डंख भरपूर असतील किंवा श्वास जड वाटला तर थेट दवाखाना.

१६. थंडीत साप नसतात ना?

कमी दिसतात, पण असतात. सकाळी उन्हाला दगडावर येतात, आणि घोणस तर हिवाळ्यातही फिरते. हात टेकायच्या आधी दगडावर बघा, दगड उलटवू नका. चावला तर कापणं, चोखणं, दोरी आवळणं, मांत्रिक यातलं काहीही नाही. माणसाला शांत ठेवा, चावलेला हात-पाय काठीला बांधून ठेवा, हलू देऊ नका, १०८ ला फोन आणि सरकारी दवाखाना. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही विषांवर एकच लस चालते, त्यामुळे साप पकडून नेण्यात वेळ घालवू नका.

१७. वर चहा करायला छोटी चूल पेटवली तर?

नाही. गवत कागदासारखं वाळलेलं असतं, वारा धारेवर कायम. राखीव जंगलात आग लावणं १९२७ च्या वन कायद्याने गुन्हा आहे, पण कायदा बाजूला ठेवा, एका ठिणगीने जळालेल्या टेकडीवर आम्ही चाललोय, पायाखाली अर्धी जळालेली पक्ष्याची अंडी होती. थर्मास आणा. विडी-सिगारेट पण खालीच.

१८. बायका-मुलींना आडोशाचं, पाळीच्या दिवसांचं कसं जमतं?

जमतं. ग्रुपमध्ये किमान दोन बायका असाव्यात, म्हणजे एक जाते तेव्हा दुसरी उभी राहते, सांगायला लाज वाटत नाही. एक जुनी साडी आडोशाला ठेवतो आम्ही. पॅड कागदात गुंडाळून, जाड पिशवीत घालून परत आणायचे. आणि ताई, कृपा करून लघवीला जावं लागू नये म्हणून पाणी कमी पिऊ नका, आमच्या सोबत आतापर्यंत ज्या बायकांना चक्कर आली त्यांचं कारण बहुतेक हेच निघालं.

१९. वडिलांना शुगर आहे, नऊ वर्षांची मुलगी आहे, दोघांनाही आणू का?

मुलगी रोज खेळणारी असेल तर अर्ध्या दिवसाचं चालणं आणा, तिचं पाणी तुम्ही उचला. वडिलांनी डॉक्टरांना विचारूनच यावं. गोळी किंवा इन्सुलिन घेऊन दिवसभर चढलं की साखर खाली येऊ शकते, म्हणून गूळ-ग्लुकोज त्यांच्या स्वतःच्या खिशात, तुमच्या सॅकमध्ये नाही. हात थरथरले, घाम आला, बोलणं विचित्र झालं तर आधी साखर द्या, मग बाकी.

२०. गाविलगडावर इंग्रजांनी खरंच याच थंडीत तोफा चढवल्या होत्या का?

हो. दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धातली अडगावची लढाई २९ नोव्हेंबर १८०३ ची, किल्ला पडला १५ डिसेंबरला. कर्नल स्टीव्हन्सनची फौज अचलपूरहून ७ डिसेंबरला निघाली आणि डोंगराला वळसा घालून उत्तरेच्या अंगाला १२ ला पोहोचली, जड तोफा माणसांनी हाताने ओढत, वाट आधी स्वतः खोदत. आतून किल्लेदार बेनीसिंग लढता-लढता पडला. उत्तरेच्या तटावर उभं राहून मागच्या घळी बघा, आणि त्या ओढणाऱ्या हातांचा विचार करा, त्यातले बहुतेक आपल्याच देशातले होते.

२१. हेच नियम राजस्थान किंवा लडाखला चालतील का?

अरवलीला बरेचसे चालतात, तिथे पाणी एक लिटर वाढवा आणि गरम कपडा एक जास्त, माउंट अबूला थंडीत पारा शून्याजवळ जातो. वेळेचा हिशोब मात्र नवा लावा, उत्तरेला जाल तसा हिवाळ्यातला दिवस आणखी लहान होतो आणि प्रश्न ५ मधली सावली तिथे भरदुपारीच तुमच्यापेक्षा लांब असते. लडाख वेगळं प्रकरण आहे. लेह ३५०० मीटरवर, तिथे पहिले दोन दिवस फक्त आराम, चढायचं नावच नाही, आणि हिवाळ्यात बाटलीतलं पाणी गोठतं म्हणून बाटली जॅकेटच्या आत ठेवावी लागते.

२२. आमचा कुत्रा सोबत आणू का, तो कुठेही सोडत नाही आम्हाला?

नका आणू. अभयारण्यात चालत नाही, बिबट्याला कुत्रा हवाच असतो, आणि अस्वल दिसलं की कुत्रा भुंकत जातो आणि घाबरून पळत तुमच्याकडेच येतो, मागे अस्वल. शिवाय त्याच्या कानात, पंजात कुसळं शिरतात ती वेगळीच. त्याला घरी ठेवा, संध्याकाळी भाकरीचा कोर तुकडा आणा त्याच्यासाठी.